खर्च एकाचा, सही दुसऱ्याची

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या होत्या, गिरगांवच्या गल्ल्यांतून छत्र्यांचें राज्य सुरू झालें होतें, आणि आम्ही चाळीच्या गॅलरींत आरामखुर्ची टाकून रघुवंशाची जुनी प्रत चाळीत बसलों होतों. इतक्यांत आमची नात खोलींतून धांवत बाहेर आली. खरें पाहतां ती आमच्या पुतण्याची मुलगी. परंतु एकत्र कुटुंबांत हीं अंतरें कोणी मोजीत नाहीं. ती जवळजवळ ओरडलीच, "आजोबा, आपलं ॲप गॅसलेस झालं!"

तत्काळ स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अगं, गॅस संपला तर आधीं सांगायचं नाहीं का? कुकर चढवलाय मी!"

घरांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों, पण मनांतून ओशाळलों. कारण 'गॅसलेस' म्हणजे काय हें आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें? पुढील दोन आठवडे दिवेलागणीनंतर ती पोर आमच्यापुढें बसून आम्हांस तें शिकवीत होती. सदतीस वर्षें फळ्याजवळ उभें राहून शिकविलें. आतां फळ्यासमोर बसून शिकण्याचा योग आला. आमचें स्वतःचें शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचें, जिला आमचे वडील अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. आणि त्यापुढें पाठशाळेंतलें व्याकरण. एवढ्या शिदोरीवर जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. यंत्रविद्येची ही गोष्ट शेवटीं आमच्याच घरांतल्या एका जुन्या कागदापर्यंत येऊन पोंचेल, अशी मात्र आम्हांस कल्पना नव्हती.

प्रथम त्या ॲपाविषयीं. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक लहानसें वाचनालय आहे. वडिलांच्या पिढीनें वर्गणी काढून तें उभारलें, आणि गेलीं अकरा वर्षें आम्ही त्याचे चिटणीस आहों. सभासदांपैकीं निम्मे आतां चाळींत राहत नाहींत. कोणी दादरला गेले, कोणी डोंबिवलीस, दोघे पुण्यास, आणि एक कुटुंब तर अमेरिकेंत न्यू जर्सीस. यंदा असा प्रश्न निघाला कीं, वाचनालयाची जागा सकाळीं दहापर्यंत मुलामुलींच्या अभ्यासिकेस द्यावी कीं नाहीं. आमचें मत विरुद्ध होतें. अभ्यासिका म्हणजे टेबलें आलीं, दिवे आले, कपाटें मागें सरकवावीं लागणार, आणि शेवटीं जुने ग्रंथ माळ्यावर जाणार. सभासदांचीं मतें घ्यावयाचें ठरलें, तेव्हां संगणकशास्त्र शिकणारी आमची नात म्हणाली कीं, हीं मतें आपण ब्लॉकचेनवर घेऊं.

आम्ही म्हटलें, "दोनशें पानी वहीवर जें काम होतें, त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला?"

"आजोबा, ती वही कोणाजवळ असते?"

"चिटणिसाजवळ. म्हणजे आमच्याजवळ."

"आणि प्रस्ताव पडावा असं कोणाला वाटतं?"

आम्ही गप्प बसलों. पोरीनें न्यायशास्त्र वाचलेलें नाहीं. पण वादी आणि पंच एकच असूं नये, एवढा न्याय तिला अवगत होता.

ब्लॉकचेन हीसुद्धां एक वहीच आहे. मात्र ती एकाच कपाटांत नसते. तिच्या सारख्याच प्रती जगभरच्या हजारों संगणकांवर असतात, आणि तिचीं पानें एकमेकांत अशीं गोंवलेलीं असतात कीं, मागचें एक अक्षर बदललें तर पुढल्या सर्व पानांच्या खुणा जुळेनाशा होतात. अशा वहींत कोणीही, कोठूनही नोंद करूं शकतो. परंतु नोंद फुकट असती तर एखाद्या खोडसाळानें ती रिकाम्या मजकुरानें भरून टाकली असती, किंवा कधींच न संपणारें गणित घालून सारे संगणक अडकवून ठेवले असते. म्हणून २०१५ सालीं सुरू झालेल्या इथेरियम नांवाच्या अशा वहीनें प्रत्येक कामाचें माप ठरविलें आणि त्या मापास 'गॅस' म्हटलें. अमेरिकन लोक पेट्रोलास गॅस म्हणतात. गाडी जितकी लांब धांवेल तितकें इंधन जळेल, असा त्यांतला भाव. एकाकडून दुसऱ्याकडे पैसे पाठविण्याच्या साध्या नोंदीस २१,००० मापें गॅस लागतो. एका मापाचा दर इथर ह्या नाण्याच्या अब्जांशांत सांगतात. दर वीस अब्जांश असेल तर एका नोंदीस ०.०००४२ इथर खर्च येतो. ५ ऑगस्ट २०२१ पासून ह्या शुल्काचा मूळ भाग कोणाच्याच पदरांत पडत नाहीं. तो कायमचा नष्ट होतो. हें ऐकून आम्ही म्हटलें, ही तर आहुतीच झाली!

इथेरियमवरचा दर पुष्कळदां सामान्य माणसास परवडत नसे. तो भार हलका करण्याचें काम ज्यांनीं हातीं घेतलें, त्यांत आपल्या मुंबईचा वांटा आहे, हें कळल्यावर आमची मान थोडी ताठ झाली. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन ह्या तरुणांनीं २०१७ सालीं मुंबईंत 'मॅटिक' ह्या नांवानें जें जाळें उभारावयास घेतलें, तेंच २०२१ पासून 'पॉलिगॉन' म्हणून ओळखलें जातें. तेथें एका नोंदीचा खर्च एरवीं रुपयाच्या लहानशा अंशांत भागतो. नवशिक्यांनीं खोट्या नाण्यांवर हात बसवावा म्हणून त्यांनीं एक चांचणीचें जाळेंही ठेविलें होतें, आणि त्याचें नांव होतें 'मुंबई'. २०२४ च्या एप्रिलमध्यें ही कागदावरची मुंबई बंद झाली आणि 'अमॉय' नांवाचें दुसरें जाळें तिच्या जागीं आलें. नातीनें आपले पहिले धडे ह्या अमॉयवर गिरविले.

खर्च रुपयाचा अंश असला, तरी तो रुपयांत देतां येत नाहीं, ही खरी अडचण. तो त्या जाळ्याच्या स्वतःच्या नाण्यांत द्यावा लागतो. पॉलिगॉनचें हें नाणें २०२४ च्या सप्टेंबरपासून 'पोल' म्हणवितें. तें मिळविण्यास एखाद्या पेढीवर खातें उघडा, ओळखीचे कागद द्या, नाणें विकत घ्या, तें आपल्या फोनमधल्या थैलींत हलवा. त्यांत २०२२ च्या एप्रिलपासून अशा नाण्यांच्या नफ्यावर शेंकडा ३० कर बसला, आणि त्याच जुलैपासून व्यवहाराच्या रकमेंतून शेंकडा १ आधींच कापण्याचा नियम आला. एका मतासाठीं सभासदांनीं हें सारें करावें काय? आणि आमच्या सभासदांत आमच्या वहिनीही आहेत. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवीपर्यंत, थोरले बंधू वारल्यापासून वाचनालयाचें त्यांचें सभासदत्व वहिनींच्या नांवावर आहे. त्यांनीं 'पोल' विकत घ्यावयाचे?

असा प्रश्न केवळ आमच्याच चाळीचा नाहीं. २०२२ सालीं आपल्या राज्यांत गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली उपविभागांत ६५,००० जात-प्रमाणपत्रें पॉलिगॉनवर नोंदण्याचें काम हातीं घेतलें गेलें. दाखल्यावरची चौकटीची खूण फोननें वाचून तो खरा कीं बनावट हें कोणासही पडताळतां यावें, हा हेतु. त्या अरण्यांतील माडिया किंवा गोंड मुलानें दाखल्यासाठीं आधीं परदेशी धाटणीचें नाणें खरेदी करावें, असें म्हणणें हास्यास्पद झालें असतें. नोंदीची व्यवस्था दाखला देणाऱ्यानें करावयाची आणि दाखला मुलानें बाळगावयाचा, हीच तेथली योग्य वांटणी.

नातीनें आमच्या ॲपांत नेमकी अशीच वांटणी केली, आणि तिचेंच नांव 'गॅसलेस'. नांव फसवें आहे. गॅस लागतोच, तो फक्त दुसऱ्याच्या खिशांतून जातो. ज्यास मत द्यावयाचें त्यानें आपल्या फोनवर मताची चिठ्ठी उघडावी आणि तिच्यावर सही करावी. ही सही शाईची नव्हे. फोनच्या पोटांत एक गुप्त किल्ली असते, तिनें त्या मजकुराचें असें एक अंकरूप काढावयाचें कीं तें दुसऱ्या कोणास काढतां येऊं नये, पण खरें आहे कीं नाहीं हें मात्र सर्वांस ताडून पाहतां यावें. ह्या सहीस कांहींही खर्च येत नाहीं. सही झालेली चिठ्ठी मग एका निरोप्याकडे जाते. इंग्रजींत त्यास रिलेयर म्हणतात. निरोप्या आपल्या पदरचा गॅस भरून ती वहींत पोंचवितो. वहींतला नियम चिठ्ठी कोणी आणली हें पाहत नाहीं. सही कोणाची हें पाहतो, आणि मत त्याच्या नांवावर मांडतो. आमच्या निरोप्याच्या थैलींत ५०० रुपयांचें नाणें भरावयाचें होतें. तें चिटणीस ह्या नात्यानें आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून भरलें.

हें ऐकतांना आम्हांस एकाएकीं लालबागची आठवण झाली. १९७९ सालीं आम्ही नोकरीस लागलों ते तेथल्या शाळेंत. वर्गांतले बहुतेक मुलगे गिरणी कामगारांचे. पगाराच्या दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर त्यांचे वडील, काका, गांववाले मनीऑर्डरीचे फॉर्म घेऊन आमच्याकडे येत, आणि आम्ही ते लिहून देत असूं. खालच्या कोपऱ्यांत चार ओळींचा मजकूर मावे: भात लावणी झाली कां, गाय व्याली कां, आईच्या गुडघ्यास तेल लावा. पोस्टानें १८८० सालीं मनीऑर्डर सुरू केली, तेव्हांपासून रीत एकच: कमिशन पाठविणाऱ्यानें भरावयाचें, आणि पोंचेवर सही घेणाऱ्यानें करावयाची. पंधरा-वीस दिवसांनीं ती पोंच परत येई. साचेखात्यांतला एक उंच कामगार ती पोंच आम्हांस मुद्दाम आणून दाखवी. तिच्यावर जांभळ्या शाईंत त्याच्या आईचा अंगठा उमटलेला असे. तो म्हणे, "मास्तर, बघा, म्हातारीनं जोरानं दाबलाय. बरी आहे म्हणायची." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढें आमच्याकडची ती रांग आटत गेली. परंतु तो अंगठा आमच्या डोळ्यांपुढून गेला नाहीं. पैसे मुलाचे, कमिशन मुलाचें, अक्षर आमचें. पण अंगठा म्हातारीचाच. तो तिच्याऐवजीं दुसऱ्या कोणीं उमटविला असता, तर त्या सगळ्या कागदाची किंमत शून्य झाली असती.

आमच्या व्याकरणांत ह्याचें सुंदर स्थळ आहे. संस्कृतांत कांहीं धातु दोन्ही पदीं चालतात. क्रियेचें फल करणाऱ्यासच मिळावयाचें असेल तर आत्मनेपद, दुसऱ्यास मिळावयाचें असेल तर परस्मैपद, असा पाणिनीचा दंडक आहे. स्वतःच्या कल्याणासाठीं यज्ञ करणारा यजमान 'यजते'. त्याच्यासाठीं आहुती टाकणारा ऋत्विज 'यजति'. कृति बाहेरून पाहणारास एकच दिसते, पण फलाचा धनी कोण, हें क्रियापदाच्या शेपटावरून कळतें. आम्हीं नातीस सांगितलें, "तुझा निरोप्या 'यजति' आणि मत देणारा 'यजते'. फरक इतकाच कीं, आमच्या यज्ञांत दक्षिणा उलटी फिरली. ऋत्विजानेंच पदरचें तूप घातलें." तिला हें इतकें आवडलें कीं, तिनें आपल्या वहींत तें लिहून घेतलें. शिष्यास कांहीं तरी देतां आलें, ह्याचें आम्हांस समाधान वाटलें.

परंतु निरोप्यावर विश्वास कितपत टाकावा? हा प्रश्न आम्हीं विचारला. आणि ह्या विद्येचें मर्म ह्याच प्रश्नाभोंवतीं आहे, असें दिसून आलें. निरोप्यानें मजकूर बदलला तर? बदलूं शकत नाहीं. एक अक्षर बदललें कीं सही खोटी ठरते. तीच चिठ्ठी दोनदां नेली तर? प्रत्येक चिठ्ठीवर धनादेशासारखा अनुक्रमांक असतो. एकदां वटलेला क्रमांक पुन्हां चालत नाहीं. चांचणीच्या जाळ्यावर केलेली सही खऱ्या जाळ्यावर चालवून घेतली तर? सहींतच जाळ्याचा क्रमांक आणि वहींतल्या त्या प्रस्तावाचा पत्ता गुंफलेला असतो. चिठ्ठी सहा महिने लपवून मग पुढें केली तर? तिच्यावर मुदत घातलेली असते. आणि फुकट आहे म्हणून कोणी हजार चिठ्ठ्या धाडून आमचे ५०० रुपये एका रात्रींत संपविले तर? त्यासाठीं निरोप्याजवळ सभासदांची यादी असते; एका प्रस्तावास एका सभासदाची एकच चिठ्ठी तो उचलतो. अन्नछत्र झालें तरी दाराशीं कोणी तरी उभें असावेंच लागतें.

दुसऱ्याही पद्धती आहेत. २०२० सालीं ईआरसी-२७७१ नांवाचा एक करार मांडला गेला. त्यांत एक 'विश्वासू मध्यस्थ' सही तपासतो आणि मूळ सही करणाऱ्याचा पत्ता मजकुराच्या शेपटास जोडून पुढें देतो. शेपूट खरें मानावयाचें तें केवळ त्या मध्यस्थावरील विश्वासावर. २०२३ च्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, हा करार आणि एका हप्त्यांत अनेक कामें उरकण्याची दुसरी एक सोय एकत्र आल्यास लबाडास त्या शेपटावर भलत्याचाच पत्ता लिहितां येतो, म्हणजे दुसऱ्याच्या नांवानें व्यवहार करतां येतो. दोन्ही सोयी आपापल्या जागीं निर्दोष. घोटाळा संधींत होता. व्याकरण शिकलेल्यास हें नवल वाटूं नये. त्याच वर्षीं मार्चमध्यें इथेरियमवर ईआरसी-४३३७ ही आणखी मोठी व्यवस्था सुरू झाली. तींत गॅस भरणारा 'पेमास्टर' म्हणून स्वतंत्र पात्रच असतें. नात म्हणाली कीं, आमच्या एवढ्याशा कामास सही केलेली चिठ्ठी आणि एक निरोप्या पुरे.

शेवटीं आम्हीं एक प्रश्न जरा हळूच विचारला. "निरोप्या तर आमच्या पैशांवर चालतो. आमच्या विरुद्धची चिठ्ठी त्यानें नेलीच नाहीं तर?"

पोर हंसली नाहीं. ती म्हणाली, "हाच एक धोका उरतो, आजोबा. खर्च करणाऱ्याला खोटी सही करतां येत नाहीं, पण अडवून ठेवतां येतं. म्हणून मी दुसरं दार ठेवलंय. तीच चिठ्ठी कोणीही दुसरा स्वतःचा गॅस भरून नेऊं शकतो. पैसे देणाऱ्याच्या हातांत शेवटची कडी नको." त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप लागली नाहीं.

मतदानाच्या आधल्या रविवारीं तिनें वहिनींना शिकवावयास घेतलें. फोनवर चिठ्ठी उघडली कीं प्रस्ताव शुद्ध मराठींत दिसे. खालीं 'होय' आणि 'नाहीं'. त्याखालीं अनुक्रमांक आणि मुदत. आणि मग किल्ली उघडण्यासाठीं अंगठा लावावयाचा. अंगठा म्हणतांच वहिनी रागावल्या. "मी काय अंगठेबहाद्दर आहे? मला सही येते!" त्यांची समजूत घालण्यांत अर्धा तास गेला. मग त्यांनीं चष्मा पुसला आणि चिठ्ठी वाचावयास घेतली. एकदां वाचली. दुसऱ्यांदां वाचली. आम्ही उत्साहानें पुढें होऊन म्हटलें, "वहिनी, वाचायचं काय त्यांत? इथें दाबा."

नात एकदम म्हणाली, "आजोबा, नाहीं! असं नका सांगूं. ह्या धंद्यांत सगळ्यांत जास्त माणसं फसतात तीं ह्याच एका कारणानं. पूर्वी फोनवर नुसतीं आंकड्यांचीं जाळीं दिसायचीं आणि लोक न समजतां सही करायचे. त्याला आंधळी सही म्हणतात. एका सहींत थैली रिकामी व्हायची. म्हणून २०१७ मध्यें ईआयपी-७१२ हा नियम सुचवला गेला, कीं सही करणाऱ्याला काय सही करतोय तें वाचतां येईल अशा रूपांत दाखवावं. दाखवून उपयोग काय, शेजारच्यानं वाचूं दिलं नाहीं तर?"

वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आणि आम्हांस २००९ साल आठवलें.

थोरले बंधू २००६ सालीं वारले. वहिनींना मूलबाळ नाहीं. कोंकणांत राजापूर तालुक्यांत आमचें वडिलोपार्जित घर आणि थोडें आगर आहे. तिघां भावांच्या नांवें तें होतें. पुढें कटकट नको म्हणून वहिनींकडून हक्कसोडपत्र करून घ्यावें, असें आम्हीं व धाकट्या बंधूंनीं ठरविलें. हेतु वाईट नव्हता, असें आम्ही आजवर स्वतःस सांगत आलों. त्यांस जन्मभर सांभाळावयाचें तर आम्हींच होतें. मुद्रांकाचा खर्च आम्हीं केला, वकिलाचा खर्च आम्हीं केला, गाडी आम्हीं केली. कागदावर पेन्सिलीनें फुल्या मारून 'इथें, इथें आणि इथें' म्हणून दाखविलें. नोंदणीच्या वेळीं अधिकाऱ्यांनीं वहिनींना विचारलें, "वाचलंत ना?" त्या तोंड उघडण्यापूर्वींच आम्हीं "हो, हो" म्हटलें. परत येतांना वाटेंत त्यांना शहाळें पाजलें, आणि सगळा खर्च आपण केला ह्या औदार्याचें भूषण वाटून त्या रात्रीं शांत निजलों. आम्हीं केवळ खर्च केला नव्हता. त्या खर्चाच्या जोरावर त्यांची वाचा घेतली होती. आम्ही 'यजति'च्या जागीं उभे असून 'यजते'चें फल घेऊन आलों होतों, आणि व्याकरणाचे शिक्षक असून आम्हांस ती चूक सोळा वर्षें दिसली नाहीं.

मतदान झालें. न्यू जर्सीहून चिठ्ठी आली, डोंबिवलीहून आली; सर्वांचा गॅस मिळून आमच्या ५०० रुपयांतले फारच थोडे खर्च झाले. अभ्यासिकेचा प्रस्ताव चांगल्या बहुमतानें संमत झाला. संध्याकाळीं वहिनी निरांजनाच्या वाती वळीत बसल्या होत्या. त्या आपण होऊन म्हणाल्या, "भाऊजी, मी 'होय' म्हटलं बरं का. खालच्या मजल्यावरच्या त्या दोन मुली जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करतात, मी रोज पाहतें. तुमच्या ग्रंथांना माळ्यावर कांहीं होत नाहीं."

म्हणजे आम्हीं ज्या मताचा खर्च केला, तें आमच्या विरुद्ध पडलें. आयुष्यांत दिलेल्या पैशांचें इतकें चोख काम क्वचितच झालें असेल.

आम्ही त्यांच्याजवळ पाटावर बसलों आणि म्हटलें, "वहिनी, त्या राजापूरच्या कागदाबद्दल एक विचारूं?"

त्यांच्या हातांतली वात थांबली. "विचारा."

"तो वाचून दाखवला असता, तर तुम्हीं सही केली असती कां?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "केली असती कदाचित. पण विचारलं असतंत तर मी दिलं, असं झालं असतं. तसं नाहीं झालं. तुम्ही घेतलंत, असं झालं."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ट्रंकेंतून त्या पत्राची नक्कल काढली आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत त्यांस वाचून दाखविली. जेथें कायद्याचा शब्द अडला, तेथें वर्गांत सांगावा तसा अर्थ सांगितला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला हिस्सा नको, भाऊजी. पण दर वैशाखांत पंधरा दिवस त्या घरांत मला राहायला मिळावं, माजघराची किल्ली माझ्याजवळ असावी, आणि त्यासाठीं मला कोणाला विचारावं लागूं नये. एवढं लिहून द्या."

सोळा वर्षांत त्यांनीं हें कधीं मागितलें नव्हतें; कारण कोणीं विचारलें नव्हतें. धाकट्या बंधूंशीं बोलणें झालें आहे, वकिलांकडे मसुदा गेला आहे. मजकूर वहिनींनीं सांगितला तसाच ठेवण्याची ताकीद आम्हीं दिली आहे. खर्च अर्थातच आम्ही करणार. पेन्सिलीच्या फुल्या मात्र ह्या वेळीं कोणी मारणार नाहीं.

एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष खर्च करतो, ही आपली जुनी रीत. तींत वाईट कांहीं नाहीं. लहानांस, वृद्धांस, बायकांस पदरमोड करून वाट मोकळी करून द्यावी, हें तर धर्मकृत्यच आहे. परंतु पैसा भरणाऱ्याच्या मनांत हळूहळू असें येऊं लागतें कीं, आपण भरतों, तर सहीही आपलीच. कालच्या पोरांनीं आपल्या नव्या यंत्रांत ह्या दोन गोष्टी कटाक्षानें वेगळ्या ठेवल्या: वाटखर्च ज्याला देतां येईल त्यानें द्यावा, पण किल्ली ज्याची त्याच्याच हातीं राहावी, आणि सहीपूर्वीं मजकूर त्यास वाचतां यावा. वाचकांपैकीं जे आपापल्या घरांत चार जणांचे कागद भरतात, त्यांनीं एकदां आपल्या ट्रंका उघडून पाहाव्या, एवढीच विनंति.

असो. वाचनालयांत टेबलें आलीं आहेत. आमचें रघुवंश माळ्यावर गेलें आहे. पण त्याची एक प्रत आम्हीं अभ्यासिकेच्या टेबलावर ठेविली आहे. परवां त्या दोन मुलींपैकीं एकीनें ती उघडून पाहिली.